पट्टीची दुसरी साक्ष

रुजुताच्या उजव्या दंडावर पाच निळे डाग होते, आणि पट्टीच्या मते त्यांचे कारण तिचे रक्त होते.

डाग ताजे नव्हते, कडा पिवळ्या पडू लागल्या होत्या. ओटभरण उरकून रुजुता आदल्या दिवशीच पहिल्या बाळंतपणासाठी कराडहून माहेरी, जयसिंगपूरला आली होती. तिला तेल लावून न्हाऊ घालायचे काम वहिनीच्या वाट्याला आले होते. पाठीवरून फिरणारा केतकीचा हात दंडापाशी थांबला.

"तसं बघू नको, वहिनी," रुजुता पाठमोरीच म्हणाली.

"कसं?"

"गिरणीत सूत बघतीस तसं."

केतकी सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत होती. धागा किती जाड आहे आणि किती ताण सोसतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नव्या पोरांना शिकवण्यात तिचा अर्धा दिवस जाई.

"दुखतात का?"

"नाही गं. रक्तामुळे पडतात ते. पट्टी सांगते की. मोबाइल घे आणि बघ, विश्वास नसला तर."

पट्टी डाव्या दंडावर होती. बोटाच्या पेराएवढी, कातडीच्या रंगाची, जवळून पाहिल्याशिवाय न दिसणारी. तिचे नाव 'पहारा'. गेल्या दोन वर्षांपासून गरोदर बाईला चौथ्या महिन्यात ती लावली जात होती. बाळंतपणात अंगावरून फार रक्त गेले, तर डॉक्टरांच्या हातात वेळ थोडा उरतो. कोणाचे रक्त दगा देणार हे आधी कळले तर जीव वाचतो. पट्टी त्यासाठी होती, आणि तिने जीव वाचवलेही होते.

तिचे काम समजायला सोपे होते. आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. ते यकृतात तयार होते. जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचा दुसरा पदार्थ त्याची टोके छाटतो. टोके छाटलेले रेणू एकमेकांना जुळत जातात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचे जाळे होते. त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि जखमेचे तोंड बंद होते. जखम भरत आली की शरीर तेच जाळे विरघळवून टाकते. पट्टी रोज सकाळी केसाहून बारीक सुईने रक्ताचा कण आत ओढी, त्यात थ्रॉम्बिन सोडी आणि जाळे धरायला किती वेळ लागतो ते प्रकाशाच्या झोतात पाही.

रुजुताचे जाळे उशिरा धरत होते. फायब्रिनोजेन कमी नव्हते, हवे तेवढे होते. पण त्याची घडण जन्मतःच किंचित चुकली होती. असा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो. पुष्कळांना तो आयुष्यभर कळतही नाही.

एवढ्यावर पट्टी काही करत नसे. ती बनवणाऱ्यांनी तिला दोन साक्षी मागायला शिकवले होते, एक नळीतली आणि एक अंगावरची. अंगावर आपोआप डाग पडत असतील तर त्यांचे फोटो काढायचे आणि मोबाइलवर कारण नोंदवायचे. पाचव्या महिन्यात रुजुताने पहिला फोटो काढला आणि 'कारण माहीत नाही' यावर बोट ठेवले. पट्टीला दुसरी साक्ष मिळाली. त्या दिवसापासून ती आपल्या पोटातले औषध रोज थोडे थोडे सोडू लागली. त्या औषधाने जाळे लवकर धरत नसे, एकदा धरलेले जाळे मात्र विरघळत नसे.

केतकीने कढत पाण्यात गार पाणी मिसळले.

"चार शेजारी शेजारी," ती म्हणाली. "आणि दंडाच्या आतल्या बाजूला एक."

रुजुताने टॉवेल ओढून घेतला. "तू काय पट्टीपेक्षा शहाणी आहेस?"

*

पुढच्या तीन आठवड्यांत एकही नवा डाग पडला नाही.

जयश्रीबाईंनी, म्हणजे रुजुताच्या आईने, त्याचे श्रेय नाचणीच्या सत्त्वाला आणि माहेरच्या झोपेला दिले. रुजुताचा नवरा श्रेणिक खोत रोज संध्याकाळी फोन करी. "औषध लागू पडलं बघा, आई," तो म्हणाला. पट्टीचेही तेच मत होते. मोबाइलच्या पडद्यावर हिरवी खूण आली होती आणि खाली ओळ होती: उपचाराला प्रतिसाद समाधानकारक.

केतकीने हे सगळे नवऱ्यापुढे मांडले तेव्हा अभिनंदन गच्चीवर कपडे वाळत घालत होता.

"औषध पाचव्या महिन्यापासून चालू आहे," ती म्हणाली. "कराडला दोन महिने हेच औषध होतं आणि डाग पडत होते. इथं हेच औषध आहे आणि डाग नाहीत. मग बदललं काय?"

"आईच्या हातचं जेवण," अभिनंदन हसत म्हणाला. मग हसायचा थांबला. हातातली चादर त्याने दोनदा झटकली. "श्रेणिक तसा नाही."

"कसा?"

"तसा."

"मी तर अजून त्याचं नावच घेतलं नाही."

अभिनंदनने दोरीवर चिमटा लावला आणि दुसरा शोधू लागला. श्रेणिकशी त्याचे चांगले जमे. दोघे मिळून क्रिकेट बघत, लग्नात दोघांनी एकाच रंगाचे जाकीट घातले होते. केतकीने विषय बदलला, म्हणजे तिला जो खरा विषय काढायचा होता तो काढला.

"तुझ्या पायाचं झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते ना, बहिणीचंही रक्त तपासा?"

"म्हणाले होते."

"मग?"

"तेव्हा तिचं स्थळ बघणं चाललेलं. आई म्हणाली, लग्न होऊ दे, मग बघू."

"आणि मग?"

"मग कोण बघतंय?"

तीन वर्षांपूर्वी अभिनंदनचा पाय प्लास्टरमध्ये होता. पोटरीत रक्ताची गाठ धरली, मांडीपर्यंत चढली, तिचा तुकडा फुप्फुसात गेला. तो थोडक्यात वाचला. पुण्याच्या तपासणीत फायब्रिनोजेनचा दोष निघाला, आणि तेव्हापासून तो रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होता. त्याचे वडील हर्नियाच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी संडासाच्या दारात कोसळले होते. घरात सगळे त्याला हार्ट ॲटॅक म्हणत. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाले, तो ॲटॅक नव्हता.

या दोषाची गंमत अशी की तो नळीत एक सांगतो आणि शिरेत दुसरे करतो. चुकीच्या घडणीचे रेणू जुळायला वेळ लावतात, म्हणून तपासणीत रक्त आळशी दिसते. पण काही घराण्यांत ते एकदा जुळले की असे काही गुंततात की शरीराला त्यांचे जाळे सोडवता येत नाही. तिथे माणसे रक्त वाहून मरत नाहीत, गोठून मरतात. पट्टी जाळे धरायचा वेळ मोजत होती. ते सुटायला किती वेळ लागतो हे ती मोजत नव्हती, कारण ज्या धोक्यासाठी ती बनवली होती त्यात त्याची गरज नव्हती.

अभिनंदन कॉलेजात कबड्डी खेळायचा. कोपरे सोलायचे, गुडघे फुटायचे. पण आपोआप पडलेला निळा डाग त्याच्या अंगावर केतकीने कधी पाहिला नव्हता.

*

सासूला ती तिकडच्या रीतीने आत्या म्हणे, सासऱ्यांना मामा. जयश्रीबाई खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. मिक्सरची चटणी त्यांना चालत नसे.

"आत्या, रुजुताला पट्टी लावली तेव्हा कराडच्या नर्सचा तुम्हाला फोन आला होता ना? घराण्याचं विचारायला?"

"आला असंल."

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? सगळे धडधाकट आहेत म्हटलं."

"मामांचं?"

"त्यांना ॲटॅक आला होता."

"आणि अभीचं?"

बत्ता दोनचार वेळा जोरात पडला. "केतकी, नर्स खोतांच्या घरातनं बोलत होती, फोन स्पीकरवर होता. खोतांची सगळी बैठक कान देऊन बसलेली. बाप गाठीनं गेला, भाऊ गोळ्यांवर आहे, असं सांगू? लग्नाला वर्ष झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बॅगेसकट दारात आणून सोडली असती पोरीला."

"पण आता त्या पट्टीला वाटतंय की तिचं रक्त वाहणारं आहे. वाहणाऱ्या रक्ताचं औषध देतीय ती. आपल्या घरात वाहतं का कुणाचं?"

"तिच्या अंगावर डाग पडतात."

"तेच म्हणतीय मी. आपल्या घरात कुणाला पडतात?"

जयश्रीबाईंनी बत्ता खाली ठेवला. पदराने हात पुसले. बोलल्या तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"तुला काय म्हणायचंय ते कळतंय मला. मी आई आहे तिची. मला दिसत नाही होय? पण ती म्हणती रक्तानं पडतात, तर रक्तानं पडतात. नणंदेचा संसार मोडून तुला काय मिळणार गं? साखरपुड्यात तुझ्या साडीवरून बोलली होती, ते अजून धरून बसलीस?"

केतकी बाहेर आली. हाच प्रश्न तिने स्वतःलाही विचारून पाहिला होता. रुजुता तिला आवडत नव्हती. लाडावलेली, फटकळ, भावाला अजून आपल्या मालकीचा समजणारी. तिच्या सुखी संसारात खोट सापडली तर आपल्याला थोडे बरे वाटेल का? उत्तर चोख नकाराचे आले नव्हते. त्यामुळे डाग पाहणाऱ्या डोळ्यांवरही केतकीचा पुरता विश्वास नव्हता.

*

रविवारी श्रेणिक आला. टोपलीभर रामफळे घेऊन आला, सासूच्या पाया पडला, न्हाणीघरातला गळका नळ दहा मिनिटांत नीट करून दिला. त्याची ठिबक सिंचनाची एजन्सी होती, हातात कला होती. जेवताना त्याने जयश्रीबाईंना इतके हसवले की त्यांना ठसका लागला.

केतकी मागच्या अंगणात भांडी पालथी घालत होती तिथे तो हात धुवायला आला.

"वहिनी, तुम्ही टेक्निकल माणूस. खरं सांगा, ही पट्टी नसती तर लोकांनी माझ्याबद्दल काय विचार केला असता?"

"काय केला असता?"

"बघा की! बायकोच्या अंगावर असे डाग. कुणालाही शंका येईल." तो हसला. "तुम्हाला नाही आली?"

"मी काही म्हटलं का, श्रेणिकराव?"

"नाही, तुम्ही म्हणणार नाही. रुजुता सांगत होती, वहिनी नुसती बघते. बोटं मोजते म्हणे." त्याने रुमालाने एकेक बोट कोरडे केले. "बघा हो, काळजीपोटी बघता, मला कळत नाही का? फक्त एक करा. काही झालं तरी पट्टी काढू देऊ नका. तिचे निरोप माझ्या मोबाइलवर येतातच म्हणा."

म्हणजे न्हाणीघरातले बोलणे कराडला पोचले होते. ते रुजुताने आपण होऊन सांगितले, की तिच्याकडून काढून घेतले गेले, हे केतकीला ठरवता येईना.

दुपारी नवराबायको माडीवरच्या खोलीत गेली. दार लागले. खाली जयश्रीबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या एरवी दुपारी टीव्ही लावत नसत. चार वाजता श्रेणिक उतरला, चहा घेतला, अभिनंदनच्या पाठीवर थाप मारली आणि गेला.

सोमवारी रुजुता म्हणाली, "आज माझी मी न्हाते." नाष्ट्याला ती लांब बाह्यांचा कुर्ता घालून बसली. बाहेर ऊन रणरणत होते. चहाचा कप उचलताना बाही मागे सरकली. मनगटाच्या वर, बांगड्यांच्या मागे, निळा पट्टा होता. केतकीने पाहिले, जयश्रीबाईंनी पाहिले, आणि दोघींनी पाहिल्याचे रुजुताने पाहिले.

"पडला परत एक," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोरच मोबाइल काढून मनगटाचा फोटो घेतला.

दुपारी पट्टीचा निरोप आला. नवे डाग आढळल्याने औषधाचे प्रमाण वाढवले आहे.

मंगळवारी सकाळी तिचा डावा पाय सुजला.

"पोटुशी बाईचे पाय सुजायचेच," जयश्रीबाई म्हणाल्या. "मीठ घालून गरम पाण्यात ठेव."

"पाय सुजतात, आत्या. हा एकच सुजलाय." केतकी खाली बसली. शिवणाची टेप दोन्ही पोटऱ्यांना लावून पाहायची गरज नव्हती, तरी तिने लावली. डावी पोटरी चांगली दोन बोटे जास्त होती, आणि हाताला गरम लागत होती.

"आतून कुणीतरी पिळतंय असं वाटतंय गं," रुजुता म्हणाली. आज तिच्या आवाजात फटकळपणा नव्हता.

अभिनंदन दात घासत दारात आला होता. त्याने बहिणीच्या पायाकडे पाहिले. ब्रश तोंडात तसाच राहिला. मग तो बेसिनकडे गेला, चूळ भरली, परत आला.

"माझं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "मी गाडी काढतो."

*

मिरजेच्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली. पोटरीतल्या शिरेत गाठ होती. डॉक्टर नाझनीन मुल्ला चाळिशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पट्टीची सगळी माहिती आपल्या पडद्यावर घेतली आणि विचारले, "घरात आधी कुणाला गाठीचा त्रास?"

"मला," अभिनंदन म्हणाला. "आणि बहुतेक वडिलांना. ते त्यातच गेले."

"इथं तर 'नाही' लिहिलंय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" दारातून आवाज आला. फोन मिळताच कराडहून निघालेला श्रेणिक पोचला होता. मागे वळून बघायच्या आधी सगळ्यांना त्याच्या धापेचा आवाज आला. "माहीत होतं आणि लपवलंत? आई, आम्हाला फसवलंत तुम्ही?"

जयश्रीबाई भिंतीलगतच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "फसवलं."

श्रेणिकला याहून मोठे उत्तर अपेक्षित असावे. डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि सगळ्यांना एकदमच सांगितले.

"ऐका. गाठीला औषध एकच, रक्त पातळ करणारं इंजेक्शन. आजच सुरू करायला हवं. नाही केलं तर गाठ वर सरकेल. तुमच्या घरात काय झालंय ते तुम्हीच सांगितलंत. पण हा दोष लबाड आहे. एकाच घरात, एकाच दोषानं, भावाला गाठी होतात आणि बहिणीला रक्तस्राव होतो, असं झालेलं आहे. ती जर रक्तस्रावाच्या बाजूची असेल आणि मी इंजेक्शन दिलं, तर गर्भाशयातली वार सुटून आत रक्त जाईल. दोन्ही जीव जातील. ती कोणत्या बाजूची आहे हे मला कोणतीच तपासणी आज सांगू शकत नाही. सांगणारी एकच गोष्ट आहे. ते डाग. ते आपोआप पडले असतील तर एक उपचार, नसतील तर दुसरा."

"आपोआपच, डॉक्टर," श्रेणिक म्हणाला. "तारीखवार फोटो आहेत. पट्टी काय खोटं बोलते?"

"पट्टी खोटं बोलत नाही. तिला जे सांगितलं ते ती धरून चालते." डॉक्टर उठल्या. "मी पेशंटला विचारते. सगळे बाहेर थांबा. रुजुता, सोबत एक माणूस ठेवता येईल. कोण?"

श्रेणिक एक पाऊल पुढे आला. अभिनंदनही आला. जयश्रीबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"वहिनी थांबू दे," रुजुता म्हणाली.

दार लागले. डॉक्टरांनी तिच्या बाह्या वर केल्या, मनगट उजेडात धरले.

"हे कसे पडले?"

रुजुता पंख्याकडे बघत राहिली. बाहेर श्रेणिक कोणाला तरी फोनवर सांगत होता, हो बाबा, आधीपासून माहीत होतं त्यांना.

"मी सांगितलं तर ते कुठं जातं?" तिने विचारले.

"उपचारापुरतं माझ्याकडे. त्याच्यापुढे कुठं न्यायचं ते तू ठरवायचंस. आज नाही ठरवलंस तरी चालेल. पण मला आज खरं पाहिजे."

केतकीने तोंड उघडले. डॉक्टरांनी तिच्याकडे न बघताच हात वर केला. "तुम्ही नाही."

"थोडे तसे पडलेत," रुजुता हळूच म्हणाली. "थोडे असेच, रक्तामुळे."

"थोडे चालणार नाही. एक जरी आपोआप पडला असेल, तरी माझा सगळा विचार बदलतो. मला एकेक सांग."

रुजुताने स्वतःच उजवा दंड पुढे केला. डाग केव्हाच मावळले होते, तरी तिने जागा बरोबर दाखवली.

"हा ओटभरणाच्या आदल्या दिवशीचा. सासूबाईंसमोर उलट बोलले म्हणून. पाचव्या महिन्यातला पहिला मांडीवर होता. तेव्हा मी फोनवर दादाशी जास्त वेळ बोलले होते. नर्सबाई म्हणाल्या, पट्टीत दोष दाखवतोय, डाग पडतात का? मला वाटलं, बरं झालं. कारण मिळालं. त्यालाही बरं वाटलं. मग तो म्हणायचा, घे फोटो, रक्तच वाईट आहे तुझं." तिने श्वास घेतला. "पाठीवर दोन होते, ते कपाटाचे. म्हणजे कपाटावर ढकललं त्याचे. आणि हा परवाचा. आमच्या घरात. खाली आई होती, वहिनी होती. मी ओरडले असते तर ऐकू गेलं असतं."

केतकीला टीव्हीचा आवाज आठवला.

"आणखी?" डॉक्टरांनी विचारले.

"बाकीचे पण तसलेच."

"आपोआप पडलेला एकही नाही?"

"नाही."

"विचार करून सांग. हे चुकलं तर इंजेक्शन तुझ्या जिवावर बेतेल. तुझ्या आणि बाळाच्या."

"एकही नाही," रुजुता म्हणाली. "मला कधीच आपोआप काही पडलं नाही. भाजी चिरताना बोट कापलं तरी पटकन थांबतं."

डॉक्टरांनी आधी पट्टी सोलून काढली. खालची कातडी पांढरट, सुरकुतलेली होती. मग त्यांनी पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि बारीक सुईचे इंजेक्शन दिले. कापसाचा बोळा वर ठेवून त्या केतकीला म्हणाल्या, "हे धरा. दाबून. मी सांगेपर्यंत सोडू नका." आणि त्या फोनवर बाळंतपणाच्या विभागाला पुढचे सांगू लागल्या. रोज दोन वेळा इंजेक्शन, प्रसूतीच्या आधी बंद, नंतर पुन्हा सुरू, पेशंट घरी जाणार नाही.

केतकीने बोट दाबून धरले. गेले तीन आठवडे तिला खात्री होती. आता कापसावर बोट ठेवल्यावर ती खात्री कुठे गेली ते तिला कळेना. जी बाई तीन महिने सगळ्यांना एक सांगत होती, ती आज दुसरे सांगत होती. आजचे खरे कशावरून? वहिनीला हेच ऐकायचे होते, म्हणून तर ती बोलली नसेल? त्यातला एखादा डाग, एकच, खरोखर रक्ताचा असेल तर? सुईच्या एका टोचणीवरून रक्ताची जात ठरत नाही, हे केतकीला नीट माहीत होते. तरी कापसाचा रंग बदलतो का इकडे तिचे डोळे लागले होते.

दाराची कडी हलली.

"आत कुणी जायचं नाही," जयश्रीबाईंचा आवाज आला. दाराला अगदी लागून.

"आई, मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच."

कडी पुन्हा हलली नाही.

"बघा आता," डॉक्टर म्हणाल्या.

केतकीने कापूस उचलला. एक लाल ठिपका होता, टाचणीच्या टोकाएवढा. तो वाढत नव्हता. भोवतालची कातडी स्वच्छ होती.

"थांबलं," केतकी म्हणाली.

रुजुताने मान वळवून तिच्याकडे पाहिले.

"मी सांगितलं ना," ती म्हणाली.